आखा घरातला मुक्काम : बिऱ्हाडासकट जाणाऱ्यांसाठी

थायलंडच्या उत्तर टोकाला, चियांग राय प्रांतात, डोई मे सालोंगच्या आसपासच्या डोंगरांत आखा या डोंगरी जमातीच्या कुटुंबांच्या घरी राहायची सोय मिळते. एक-दोन रात्री राहून परतणाऱ्यांनी तिच्याबद्दल भरपूर लिहिलं आहे. हे परीक्षण वेगळ्या पाहुण्यासाठी आहे. चर्चच्या कामाला, भाषा शिकायला किंवा एखाद्या वसतिगृहाला हातभार लावायला जे नवरा-बायको पोराबाळांसकट महिना-दोन महिने जातात, त्यांना या घरात काय मिळतं, काय मिळत नाही आणि गाडी कुठे अडते, एवढंच इथे पाहायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. सोय चांगली आहे. घरची माणसं सांभाळून घेतात आणि मुलं मोठ्यांच्या आधी रुळतात. पण एक मोठी खोट आहे. ही सोय खोली म्हणून विकली जाते. प्रत्यक्षात तुम्ही खोली घेत नाही, नियमांनी बांधलेल्या एका घरात जागा घेता, आणि ते नियम पैसे घेताना कुणी सांगत नाही. पुढचे बहुतेक घोटाळे तिथूनच सुरू होतात.

घर

जुन्या पद्धतीचं आखा घर लांबून पाहिलं तर नुसतं छप्परच दिसतं. गवतानं शाकारलेलं, दोन्ही पाखी जवळजवळ जमिनीला टेकलेली. खिडकी नाही. लाकडी खांबांवर उचललेली बांबूची जमीन, आत चूल, आणि धुराला बाहेर पडायला छपराच्या गवतातूनच वाट. उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग घराच्या मधोमध गेलेला कूड दिसतो. या कुडाची एक बाजू पुरुषांची, दुसरी बायकांची. पुरुष पाहुण्याचं बसणं, चहा, गप्पा, झोपणं पुरुषांच्या बाजूला. धान्य, रांधप आणि लेकुरवाळ्या बायका दुसऱ्या बाजूला.

पूर्वजांची जागाही बायकांच्याच बाजूला असते. आपल्याला देवघर म्हटलं की समई, तसबीर, घंटा असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे तसलं काही नसतं. कुडाला लागून बांबूची छोटीशी मांडणी, एवढंच. माहीत नसलेल्याला ते फडताळ वाटतं, आणि नेमकं तिथेच चूक होते: कुणी तिच्यावर मोबाइल ठेवतं, कुणी मुलाचा ओला टॉवेल वाळत घालतं. वर्षातून ठरावीक वेळा याच जागी पूर्वजांना भात, दारू, कोंबडी दाखवली जाते. पहिल्या दिवशी घरात पाऊल टाकल्याबरोबर यजमानीणबाईंना ती जागा विचारून घ्या आणि मुलांना बोटानं दाखवा. तिथे काही ठेवायचं नाही, अडकवायचं नाही, हात लावायचा नाही.

कुटुंबासाठी या कुडाचा अर्थ असा, की जुन्या घरात बाबा एका बाजूला आणि आई-मुलं दुसऱ्या बाजूला झोपतात. मोठ्यांना याचं काही वाटत नाही. तीन वर्षांचं मूल मात्र रात्री बाबाकडे जायचं म्हणून रडायला लागलं की सगळं घर जागं होतं आणि आईबापांना ओशाळं वाटतं. उपाय सोपा आहे. अनेक घरांच्या आवारात मोठ्या मुलासाठी बांधलेली वेगळी छोटी खोपी असते. मुलगा कामाला शहरात गेला असेल तर ती रिकामी असते. ठरवतानाच तीच मागा. बांबूच्या जमिनीतून गार वारा वर येतो, म्हणून अंथरायला फोमची सतरंजी न्या. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर पारा दहाच्या खाली जातो आणि घरातली एक गोधडी लहान मुलाला पुरत नाही.

धुराबद्दल दोन्ही बाजू सांगायला हव्यात. धुरामुळे छपराचं गवत कोरडं राहतं, त्याला कीड लागत नाही, टांगलेलं धान्य टिकतं. चूल बाहेर काढा असं यजमानांना सुचवू नका. पण दमेकरी मूल असेल तर जुन्या घरात महिना काढू नका. हा निर्णय बुकिंगच्या आधी व्हायला हवा, कारण मुलाचा खोकला वाढल्यावर डोंगरावर ऐन वेळी दुसरं घर मिळत नाही.

दोन प्रकारची घरं, आणि ती दोन का झाली

सिमेंटच्या विटांचं, पत्र्याच्या छपराचं, खिडक्या आणि वेगळ्या खोल्या असलेलं घरही मिळतं. त्यांतली बरीचशी ख्रिस्ती आखा कुटुंबांची असतात. तिथे पूर्वजांची मांडणी नसते, कूड नसतो, नवरा-बायको मुलांना घेऊन एका खोलीत झोपू शकतात. मिशनच्या कामाला जाणारी माणसं आपोआप इथेच उतरतात.

ही दोन घरं दोन का झाली, ते समजून घेतल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू नये, असं आमचं ठाम मत आहे. आखा लोक ज्याला झांग म्हणतात, त्याचं भाषांतर धर्म असं केलं की अर्धं हरवतं. पेरणी कधी, घराचा पहिला खांब कसा रोवायचा, पाहुण्याला काय द्यायचं, मेलेल्याला कसं पोचवायचं, हे सगळं झांग. आखा भाषेत झांगवर विश्वास ठेवत नाहीत, झांग वाहतात, पाठीवर ओझं वाहावं तसं. मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. आपल्या कहाण्यांत बाई वसा घेते. तो उतायचा नाही, मातायचा नाही, घेतला वसा टाकायचा नाही. झांग हा तसा पिढ्यान्‌पिढ्यांचा वसा आहे, आणि तो एकट्यादुकट्याचा नाही, सगळ्या गावाचा आहे.

म्हणूनच ज्यांनी तो खाली ठेवला त्यांना गावाच्या विधींत भाग घेता येईना, आणि त्यांच्यावाचून गावाचे विधी अपुरे पडू लागले. ख्रिस्ती झालेली घरं अनेकदा उठून शेजारी वेगळं गाव करून राहिली. आजही एकाच नावाची दोन आखा गावं हाकेच्या अंतरावर दिसतात, ती त्यामुळे. एकीकडच्या आजीचा सख्खा भाऊ पलीकडच्या गावात असतो. इकडे कुणी कोणता देव का सोडला, असली विचारपूस पाहुण्यानं जेवणाच्या पानावर करू नये. जखम जुनी असली तरी ओली आहे.

आखांमध्ये मिशनरी कुटुंबांचं राहणं नवं नाही. पॉल आणि इलेन लुईस हे अमेरिकन बॅप्टिस्ट जोडपं १९४७ मध्ये ब्रह्मदेशात आलं आणि शान प्रांतातल्या केंगतुंग भागात राहिलं. पॉल लुईस यांनी आखा भाषेसाठी रोमन अक्षरांवर आधारलेली लिपी बसवली. त्यांचा आखा-इंग्रजी कोश १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये ब्रह्मदेशातल्या लष्करी राजवटीनं परदेशी मिशनऱ्यांना जायला लावलं आणि मग हे जोडपं थायलंडच्या डोंगरांत आलं. दुसरा प्रवाह चीनमधून आला. तिथून बाहेर पडावं लागलेल्या चायना इनलँड मिशनच्या लोकांनी १९५० नंतर उत्तर थायलंडच्या डोंगरी जमातींत काम सुरू केलं.

मराठी वाचकाला या साखळीचा पहिला दुवा जवळचा आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतून निघालेल्या पहिल्या मिशनरी गटातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. त्याच गटातला अडोनिराम जडसन वाटेत बॅप्टिस्ट झाला आणि त्याच वर्षी रंगूनला पोचला. अहमदनगरची मिशन शाळा आणि केंगतुंगचं आखा चर्च यांच्या वाटा अशा एकाच प्रवासातून फुटल्या आहेत.

पण त्या पिढीच्या अनुभवातून आजच्या बिऱ्हाडाला एक गोष्ट मिळत नाही. त्यांतल्या अनेकांची मुलं डोंगरावर वाढली नाहीत. चीनमधून आलेल्या मिशनची मुलं सहा-सात वर्षांची झाली की मलेशियात कॅमरन हायलँड्समधल्या चेफू शाळेच्या वसतिगृहात जायची. आईबाप आखांच्या गावात आणि मूल दुसऱ्या देशात. ती शाळा २००१ मध्ये बंद झाली. आता मुलं बरोबर येतात, आणि मुलांसकट आखा गावात कसं वागायचं हे कुठे नीट लिहिलेलं सापडत नाही. म्हणून पुढच्या दोन गोष्टी मुलांच्या.

वेस आणि जुळी

झांग पाळणाऱ्या गावाला वरच्या आणि खालच्या वाटेवर लाकडी वेस असते. दोन खांब, वर आडवं लाकूड, त्यावर बांबूच्या विणलेल्या खुणा. बाजूला पुरुष आणि बाईच्या कोरलेल्या आकृत्या. वेशीच्या आत माणसांचं राज्य, बाहेर भुताखेतांचं. दरवर्षी नवी वेस उभारतात. जुनी पाडत नाहीत, ती आपसूक कुजते. म्हणून एकामागे एक चार-पाच वेशी दिसतात, आणि कुजकी आहे म्हणून ती सोडून दिलेली आहे असं पाहुण्याला वाटतं. मुलं त्या आकृत्यांना हात लावतातच. त्या बाहुल्यांसारख्या दिसतात आणि मुलाच्या उंचीला असतात. हात लागला तर गावाला शुद्धी करावी लागते आणि डुकराचा किंवा कोंबडीचा खर्च पाहुण्यावर येतो. तो मुकाट्यानं द्यावा, त्यात घासाघीस करू नये.

वेशीच्या अलीकडे मुलाला कडेवर घ्या किंवा हात धरा. वेशीतून आत गेलात तर एका तरी घरात टेकून चहा-पाणी घेतल्याशिवाय परतू नका. नुसतं फोटो काढून मागे फिरणं अपमानाचं समजतात. वेशीला वळसा घालून जाणारी पायवाट बहुतेक ठिकाणी असते. घाई असेल तर ती धरा.

जुळ्यांचा विषय जड आहे, पण टाळण्यासारखा नाही. जुन्या झांगमध्ये जुळं जन्मणं हे गावावरचं अरिष्ट होतं. बाळांना जगू देत नसत, आईबापांना गावाबाहेर जावं लागे, घर मोडत. अशा आईबापांना आसरा मिळालेल्या जागांत मिशनची आवारं होती, आणि आखा चर्चच्या इतिहासातलं हे पान लोक अजून विसरलेले नाहीत. शाळा, दवाखाना आणि कायदा यांच्या रेट्यात ती प्रथा मोडली. तरीही तुमची मुलं जुळी असतील तर जुन्या पद्धतीच्या घरात उतरण्याआधी मध्यस्थाकडून स्पष्ट विचारून घ्या. ख्रिस्ती घरात काही अडचण येत नाही. जुन्या घरातली आजी मुलांना एकसारखे कपडे घातलेले पाहून गप्प झाली, तर त्यामागे एवढं सगळं असतं. तिच्यावर रागावू नये.

पाणी, ताप, जेवण

गावात पाणी वरच्या झऱ्यातून प्लॅस्टिकच्या नळीनं येतं. कोरड्या दिवसांत ते काचेसारखं दिसतं, पावसाळ्यात चहाच्या रंगाचं होतं. दोन्ही वेळा ते कच्चं पिऊ नये, कारण झऱ्याच्या वर गुरं फिरतात आणि नळीचे जोड गावात डुकरांच्या वाटेवर असतात. कुटुंबासाठी आमची पसंती आपल्या घरोघरी असायच्या त्या स्टीलच्या दोन भांड्यांच्या कँडल फिल्टरला आहे. त्याला वीज लागत नाही. फुटायला एकच गोष्ट, म्हणजे कँडल. त्या दोन जास्तीच्या न्या, कपड्यांत गुंडाळून. मात्र एक क्रम पाळा. गढूळ पाणी सरळ फिल्टरमध्ये ओतलं तर कँडल दोन दिवसांत बुजते. आधी ते बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी दुहेरी सुती कापडातून गाळा, मग फिल्टरमध्ये घाला. कँडल मऊ ब्रशनं आणि नुसत्या पाण्यानं घासा. साबण लावला तर त्याचा वास आठवडाभर पाण्याला येतो. फिल्टर झालेलं पाणीही लहान मुलांसाठी खळखळून एक मिनिट उकळा. या डोंगरांच्या उंचीला एक मिनिट पुरतं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं लागली असती.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मच्छरदाणी दुपारच्या झोपेलाही लावा. जपानी मेंदूज्वराची लस निघण्यापूर्वी घ्या. डुकरं आणि भातखाचरं जवळजवळ असली की त्याचा धोका असतो, आणि आखा गावात दोन्ही दारात असतात. लोक विसरतात तो आजार स्क्रब टायफस. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावतात, साधारण आठ-दहा दिवसांनी ताप येतो. चावल्या जागी सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली असते, बहुतेक वेळा काखेत, जांघेत किंवा पँटच्या नाडीखाली. विदर्भातल्या डॉक्टरांना हा आजार २०१८ च्या साथीपासून चांगला माहीत आहे. डॉक्सिसायक्लिननं तो लवकर आटोक्यात येतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. मुलाला ताप आला की आधी अंगभर ती खपली शोधा आणि डॉक्टरांना गवतात खेळल्याचं सांगा. मोठा दवाखाना चियांग राय शहरात. तिथलं ओव्हरब्रुक हॉस्पिटल १९०३ मध्ये मिशनरी डॉक्टरनंच सुरू केलेलं आहे. डोंगरावरून शहर गाठायला दीड-दोन तास धरा. रात्री वाहन कुणाकडे आहे, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून ठेवा.

जेवणाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं आहे. डोंगरी तांदळाचा भात, मोहरीच्या पाल्याची पातळ भाजी, भोपळा आणि सापी थोंग. हा आखांचा ठेचा. टोमॅटो आणि मिरच्या निखाऱ्यावर भाजायच्या, लसूण, मीठ, कोथिंबीर, भाजलेले तीळ किंवा शेंगदाणे घालून उखळात कुटायचं. आपल्या खर्ड्याची सवय असलेल्या जिभेला तो पहिल्या घासाला ओळखीचा लागतो. मुलांसाठी मिरची घालण्याआधी थोडा बाजूला काढून द्या म्हणावं, कुणी नाही म्हणत नाही. नव्या चिकट तांदळाचे कुटून केलेले, काळे तीळ लावलेले गोळे मिळाले तर सोडू नका. शाकाहारी मंडळींनी मात्र समजून असावं, की भाजीला डुकराची चरबी असू शकते. तेलाची बाटली स्वतः नेऊन यजमानीणबाईंच्या हातात दिली की प्रश्न सुटतो.

सणाच्या दिवशी कच्च्या डुकराच्या मांसाचा खिमा पानात येतो. तो खाऊ नये, मुलांना तर मुळीच देऊ नये. कच्च्या डुकरातून होणाऱ्या एका जंतुसंसर्गानं उत्तर थायलंडमध्ये माणसं दगावतात, वाचलेल्यांपैकी काही कायमची बहिरी होतात. नाही म्हणायचं नसेल तर वाटी उचलून चुलीकडे जा आणि परतून द्यायची खूण करा. तोच खिमा तव्यावर परतून मिळतो, चव उलट वाढते, आणि कुणाचा मान जात नाही.

भाषा

तरुण मुलं थाई बोलतात, आजी-आजोबा बहुतेक फक्त आखा. भाषेत स्वराच्या तीन पट्ट्या आहेत, वरची, मधली आणि खालची. शिवाय मधल्या आणि खालच्या पट्टीत घसा आवळून म्हटलेला स्वर वेगळा धरतात. म्हणजे कानाला पाच फरक करावे लागतात, आणि मराठी कान ते ताल किंवा भावना समजून सोडून देतो. उदू थांग मा म्हणजे नमस्कार, गुलांग हू मा म्हणजे आभार. हे दोन शब्द मुलांना आजीच्या तोंडून शिकू द्या, कागदावरून नको.

लिहायला शिकणाऱ्यांची ठरलेली अडचण म्हणजे दोन लेखनपद्धती. जुनी मिशनची पुस्तकं लुईस यांच्या पद्धतीची, तिच्यात पट्टीच्या खुणा अक्षराच्या मागे येतात. २००८ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या आखांसाठी सामाईक पद्धत ठरली, तिचं वळण वेगळं आहे. दोन्ही एकदम शिकायला घेतल्या तर दोन्ही बिघडतात. तुम्ही ज्या चर्चमध्ये किंवा शाळेत बसणार, तिथे गीतांची वही कोणत्या पद्धतीत आहे ते पाहा आणि तेवढीच धरा.

नावांकडे लक्ष द्या. बापाच्या नावाचा शेवट हा मुलाच्या नावाची सुरुवात. मूळपुरुष स्म-मी-ओ, त्याचा ओ-तो-ले, त्याचा तो-ले-झ्म, अशी साखळी साठाहून अधिक पिढ्या चालते आणि जाणते पुरुष ती तोंडपाठ म्हणतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन कुळाची वंशावळ वाचतो, तसं हे काम इथे घरच्याच माणसांच्या जिभेवर असतं. तुमच्या मुलाच्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, हे आजोबांना सांगा. तेवढ्यानं संध्याकाळ रंगते.

ने-आण, पैसे, कागद

चियांग राय शहरातून मे साईकडे जाणारी बस घ्यायची, तीसेक किलोमीटरवर मे चानच्या पुढे बान पासांगला उतरायचं आणि तिथून मे सालोंगची सोंगथेव धरायची. सोंगथेव म्हणजे शब्दशः दोन रांगा (बाकांच्या), कामाला अगदी आपली वडाप. भरल्याशिवाय सुटत नाही, दुपारनंतर मिळेलच असं नाही. वळणं पोटाला जड जातात. मुलांना निघण्याआधी तासभर काही खाऊ घालू नका आणि मागच्या फळीवर उभं राहू देऊ नका.

पैशांत दोन भाव असतात, मध्यस्थाचा आणि घराचा. मध्यस्थाला सरळ विचारा, की यातले घरापर्यंत किती पोचतात. उत्तर टाळलं तर दुसरा बघा. भाव माणशी की कुटुंबाचा, जेवण धरून किती वेळचं, आंघोळीचं गरम पाणी त्यात आहे की सरपणाचे वेगळे, हे लिहून घ्या. महिन्याचा मुक्काम असेल तर आठवड्याच्या आठवड्याला यजमानीणबाईंच्या हातात द्या.

आधी अर्धा दिवस नुसतं पाहून घ्यायचं असेल तर था टोन ते मे चान रस्त्यावरचं लोर्चा हे आखा गाव आहे. पाहुण्यांकडून घेतलेले पैसे गावाच्या निधीत जावेत, अशा हेतूनं तिथला प्रकल्प एका थाई विकाससंस्थेच्या मदतीनं उभा राहिला. वेस, सणाचा झोका आणि घर काय असतं ते मुलांना तिथे आधी दाखवता येतं. चालू आहे का, ते शहरात विचारून निघा.

कागदांबाबत ढिलाई नको. पर्यटक म्हणून आत येऊन प्रवचन करणं किंवा मुलांना शिकवणं चालत नाही. बिनपैशाचं शिकवणंही काम धरलं जाऊ शकतं. धर्मकार्यासाठी थायलंडचा आर गटाचा व्हिसा वेगळा असतो आणि तो स्थानिक नोंदणीकृत संस्थेच्या पत्रावर मिळतो. सरहद्दीच्या रस्त्यांवर चौक्या आहेत, पासपोर्टची मूळ प्रत जवळ ठेवा. बऱ्याच आखांकडे आजही पूर्ण नागरिकत्वाचे कागद नाहीत. त्यामुळे कुणाच्या ओळखपत्राची चौकशी करू नका, फोटो तर नकोच. आणि जुन्या थाई बोलण्यात आखांना ईको म्हणतात, तो शब्द त्यांना टोचतो. ड्रायव्हरच्या तोंडून ऐकून मुलं उचलतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

मुंडाशातला रुपया

विकत घेण्यासारखं काय, हा प्रश्न येतोच. आखा बाई चालता चालता चातीवर सूत काढते, वीतभर रुंदीचं कापड विणते, निळीत पुन्हापुन्हा बुडवून जवळजवळ काळं करते. अंगरख्यावर कसईच्या राखी-पांढऱ्या बिया शिवते. मुंडाशावरून पोटजात ओळखू येते. ऊलो बायकांचं वर निमुळतं होत जाणारं, लोईमींचं मागे सपाट चांदीचा पत्रा असलेलं. जुनं मुंडासं जवळून पाहायला मिळालं तर नाणी निरखून पाहा. त्यांत राणीछाप रुपया असतो. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग होता आणि तिथे आपलाच रुपया चाले. ११.६६ ग्रॅम वजनाचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. आपल्या पणजीच्या पुतळ्यांशेजारी डब्यात असायचा, तोच इथे डोंगरातल्या बाईच्या कपाळावर लोंबतो.

तो विकत मागू नये. औषधपाण्याच्या निकडीत असली मुंडाशी फार गेली, आणि गेलेलं परत येत नाही. बाजारातली बहुतेक नवी नाणी ॲल्युमिनियमची असतात, हातात घेतली की हलकी लागतात. घ्यायचंच असेल तर नवी पिशवी, नवा अंगरखा घ्या, आणि शिवणाऱ्या बाईकडूनच घ्या.

कोणत्या महिन्यात

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि रानं जळतात. डोंगरावर धूर साचतो, समोरचा कडा दिसत नाही, मुलांचे डोळे चुरचुरतात. या दिवसांत बिऱ्हाड नेऊच नये. जून ते सप्टेंबर पाऊस, घसरडे रस्ते, जळवा. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला चार दिवसांचा झोक्याचा सण येतो, तेवढ्यासाठी एकट्यादुकट्यानं जाऊन यावं. नोव्हेंबर ते जानेवारी हवा उत्तम, पण गावात मुलंच नसतात. शाळा लांब, म्हणून डोंगरातली बरीचशी आखा मुलं सत्रभर मे चान, मे साई, चियांग रायच्या वसतिगृहांत राहतात. चर्चनं चालवलेल्या वसतिगृहांतही हेच. एकेकाळी मिशनऱ्यांची मुलं ज्या वयात घरापासून लांब जायची, त्याच वयात आज यजमानीणबाईंची मुलं लांब असतात. यजमानीणबाई फोन हातात घेऊन बसलेल्या दिसल्या की हे लक्षात ठेवावं.

थाई शाळेचं पहिलं सत्र साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतं आणि दुसरं नोव्हेंबरच्या आरंभी सुरू होतं. मधले तीन आठवडे मुलं घरी असतात. पाऊस ओसरत आलेला असतो, धूर नसतो, महिना सरता सरता डोंगरउतारावर भात कापणीला येतो. तुमच्या मुलाला आखा बोलायला शिकवतील ती हीच मुलं. या तीन आठवड्यांसाठी मात्र घरात जागा मोजकी असते, कारण घरची पोरं परतलेली असतात. खोपी हवी असेल तर जुलैतच निरोप धाडा, आणि मूल किती, केवढं, हे त्यात लिहा.